किट पुरे, आता खोलीची किल्ली द्या

प्रति,
पुण्यातल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, कार्यकर्ते आणि ढोलपथकांतली मुलंमुली यांस

सप्रेम नमस्कार.

गणपतीच्या आधी आणि दिवाळीच्या तोंडावर वेगवेगळ्या मंडळांकडून एकच निरोप येतो: "दोनशे शिध्याचे किट तयार आहेत, वस्ती सांगा." निरोप मनापासून असतो, त्याबद्दल शंका नाही. पण पुढे काय होतं ते तुम्हीही पाहिलेलं आहे. मांडव, खुर्च्या, पाहुणे, दोन तासांची रांग. धुण्याभांड्याच्या कामाला जाणारी बाई रांगेत उभी राहते तेव्हा तिचा एक खाडा पडतो. रांगेत टिकतो तो धडधाकट माणूस, आणि ज्या म्हातारीला खरी गरज आहे ती जिना उतरून येत नाही. एका घरात तीन किट जातात, शेजारी एकही नाही. दिवाळीत दिलेली डाळ डिसेंबरात संपते आणि पुढची रांग थेट भाद्रपदात.

म्हणून हे पत्र. आम्ही घरपोच शिधा देणारे स्वयंसेवक आहोत आणि तुमच्याकडे पैशाआधी तीन गोष्टी मागतो: उत्सवाचे दिवस सोडून वर्षभर कुलपात असणारी मंडळाची खोली, महिन्यातून दोन शुक्रवारची संध्याकाळ आणि त्यांच्या पुढचे दोन शनिवार. गल्लीबोळ तुम्हाला पाठ आहेत, टेम्पोवाले ओळखीचे आहेत, ओझं उचलायची सवय आहे. हे आमच्यापाशी कमी पडतं, धान्य नाही.

आता कामाचं बोलू.

आधी कोणाला काय लागतं ते. चार-पाच माणसांच्या घराला साधारण पंधरा दिवस पुरेल असा आमचा पूर्ण शिधा असा असतो: गव्हाचं पीठ ५ किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ २, मसूरडाळ १, साखर १, पोहे १, मीठ १, तेलाची १ लिटरची पिशवी, चहा पावडर २५० ग्रॅम, मिरची पूड २००, हळद १००, कांदे २ किलो, बटाटे २ किलो आणि दोन साबण. सगळं मिळून साडेएकवीस किलोच्या थोडं वर जातं. पण हा शिधा सरसकट सगळ्यांना देणं ही चूक आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या ‘प्राधान्य कुटुंबा’ला माणशी ५ किलो आणि अगदी गरिबांच्या अंत्योदय रेशनकार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य दरमहा मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. ज्या घरात हे धान्य वेळेवर येतं तिथे आणखी पाच किलो तांदूळ नेऊन टाकण्यात अर्थ नाही. त्या घरात अडतं ते डाळ, तेल, मीठ-मसाला, दळणाचे पैसे आणि गॅस यांपाशी. त्यांच्यासाठी पीठ-तांदूळ वगळून डाळी वाढवलेला आणि तेल २ लिटर केलेला पूरक शिधा वेगळा बांधतो. त्याचं ओझं निम्म्याहून थोडं जास्त, आणि खर्चही बराच कमी.

मग पूर्ण शिधा कोणाला? ज्यांचं कार्डच नाही, किंवा आहे पण चालत नाही, त्यांना. इथे बहुतेक नवे कार्यकर्ते फसतात. "केशरी कार्ड आहे" म्हटलं की धान्य मिळतंच असं धरून चालतात. तसं नाही. केशरी कार्डांतलं प्राधान्य कुटुंबात धरलेलं कोणतं आणि न धरलेलं कोणतं हे कार्डावरच्या शिक्क्यावरून किंवा दुकानात विचारून कळतं. शहरात त्यासाठीची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९ हजार आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. दोन घरची भांडी घासणारी एकटी बाईसुद्धा कागदावर त्याच्या बाहेर जाऊ शकते. म्हणून पहिल्या भेटीत चार प्रश्न विचारायचे: कार्ड कुठल्या रंगाचं, गेल्या महिन्यात धान्य उचललं का, अंगठा लागतो का, आणि घरातल्या सगळ्यांची नावं चढलेली आहेत का. सिमेंट, चुना आणि भांड्यांची पावडर यांत बोटं झिजली की रेशन दुकानातल्या पॉस मशिनवर अंगठा उमटत नाही आणि माणूस हात हलवत परत येतो. अशा वेळी त्याच घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. बीड, नांदेड किंवा बिहारमधल्या गावचं कार्ड आधारला जोडलेलं असेल तर पुण्यातल्या दुकानात धान्य घेता येतं, आणि घरातले काहीजण गावी असतील तर त्यांच्या वाट्याचं तिकडे उचलता येतं, हेही सांगावं लागतं. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ हा मदत क्रमांक आहे, आणि त्यानेही काम झालं नाही तर रेशनचं परिमंडळ कार्यालय. एखाद्या कार्यकर्त्याने एका घराचं अडलेलं कार्ड सुरू करून दिलं तर त्या घराला महिन्याला वीस-पंचवीस किलो धान्य कायमचं मिळू लागतं. आमचा शिधा त्याच्यापुढे काहीच नाही. तुमच्यात जो कागदपत्रांत हुशार आहे त्याला गोणी उचलायला लावू नका, या कामाला बसवा.

पाचवा प्रश्न खाण्याचा: भात, पोळी की भाकरी? मराठवाड्यातून आलेल्या घरात गव्हाचं पीठ दिलं तर खातात, पण मागतात ज्वारी. ज्वारीचं तयार पीठ मात्र साठवू नका. दोन-तीन आठवड्यांत त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरी थापताना कडा फाटतात आणि पीठ कडवट लागतं. ज्वारी अख्खी द्या आणि जवळच्या गिरणीवाल्याशी बोलून दळणाची चिठ्ठी द्या, महिनाअखेरीस पैसे आपण भागवायचे. सहावा प्रश्न, शिजवायला काय आहे? छोटा सिलिंडर संपलेला असेल तर तूरडाळ म्हणजे नुसतं ओझं. तिथे मसूर किंवा मूगडाळ द्यावी, लवकर शिजते. आणि चूलच नसेल, म्हणजे बांधकामावर पाच पोरं एका खोलीत राहतात तसं, तर पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ.

एक गोष्ट किटमध्ये कधीही घालू नका: तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरचे डबे. देणगीत ते हमखास येतात. असे डबे वाटण्यावर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कारण पटणारं आहे. डबा संपला की आईचं दूध कमी झालेलं असतं, पुढचा डबा परवडत नाही, मग पावडर पातळ करून पाजली जाते आणि पाणी स्वच्छ असेलच असं नाही. गरोदर बाई किंवा सहा महिने ते तीन वर्षांचं मूल घरात असेल तर अंगणवाडीत नाव आहे का ते विचारा, घरी न्यायचा आहार तिथून मिळतो.

सोसायट्यांमधून धान्य गोळा करायला तुम्ही जाल तेव्हा "जे असेल ते द्या" असं म्हणू नका. आम्ही म्हणून बसलो होतो. मग येतं काय, तर तीन घरच्या तूरडाळी, एक मसूर आणि थोडी हरभरा डाळ एकाच पिशवीत ओतलेली. तिन्ही वेगवेगळ्या वेळेत शिजतात, आणि निवडत बसायला माणूस नाही. अर्ध्या वापरलेल्या मसाल्याच्या बाटल्या येतात, मुदत उलटलेले सूपचे पुडे येतात, एकदा सुरू झालं की जुने कपडेही येतात. त्यापेक्षा इमारतीला एकच जिन्नस नेमून द्या: ए विंग तूरडाळ, बी विंग तेल, सी विंग चहा-साखर. बंद पाकीट, एक किलोचं, मुदत निदान तीन महिने पुढची. साताऱ्याकडे रयत शिक्षण संस्थेच्या मुलांसाठी मुष्टिफंड जमायचा तो मूठमूठ धान्याचा. ते धान्य एका वसतिगृहाच्या एका भांड्यात शिजायचं म्हणून चालून जायचं. आपल्याला चाळीस घरांत सारखं पोहोचवायचं आहे.

पीठ-तांदूळ-डाळ मात्र मार्केट यार्डातल्या भुसार विभागातून घेतलेलं बरं. दोन दुकानांचे भाव लेखी घ्या, आणि भावाआधी पोतं उघडून हात आत घाला. वरचा थर नेहमीच चांगला असतो. तांदूळ मुठीत दाबून सोडल्यावर हाताला पांढरी भुकटी आणि सोंडे (धान्यातले किडे) दिसले तर तो पंधरा दिवसांत चालायला लागेल. ५० किलोच्या गोणीतून पाच-पाच किलोच्या दहा पिशव्या कागदावर होतात. प्रत्यक्षात सांडलवंड आणि जास्तीचं माप मिळून दहावी पिशवी अर्धा-पाऊण किलो कमी भरते. मापट्याने भरू नका, रिकामी पिशवी ठेवून शून्यावर आणलेला इलेक्ट्रॉनिक काटा वापरा.

आता तुमच्या खोलीविषयी. दहा बाय दहाची पुरे, पण जमीन कोरडी हवी. गोण्या जमिनीवर टेकवायच्या नाहीत. खाली लाकडी फळ्या किंवा पॅलेट, वीतभर उंच, आणि भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागे झाडता येतं आणि उंदराच्या लेंड्या दिसतात. भिंतीला चिकटवलेल्या गोणीला घूस मागून भोक पाडते, आणि ते कळतं ते गोणी उचलल्यावर, पायावर तांदूळ सांडतात तेव्हा. साबण आणि फिनेल खोलीच्या दुसऱ्या टोकाला. चहा आणि पीठ दोन्ही वास ओढून घेतात. साबणाच्या वासाची पोळी कुणी परत करत नाही, पण पुढच्या वेळी "आम्हाला नको, दुसऱ्याला द्या" असं म्हणतात. कारण कधीच सांगत नाहीत. आधी आलेलं आधी बाहेर. गोणीवर जाड पेनाने तारीख घाला. पावसाळ्यात पीठ पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका.

शुक्रवारची भराई ही ढोलपथकाच्या पोरांना आवडेल, कारण ती तालात चालते. लांब टेबल, आठ माणसं, चाळीस शिधे, दोन तास. प्रत्येकाच्या हाती एक-दोनच जिन्नस, माणूस जागचा हलत नाही, पिशवी पुढे सरकते. एका घराच्या दोन पिशव्या करायच्या. पहिलीत पीठ, तांदूळ आणि साखर: ११ किलो. दुसरीत डाळी, मीठ, पोहे, तेल, चहा, मसाला. दोन हातांना दोन पिशव्या आल्या की जिना चढता येतो. एकाच पिशवीत वीस किलो घातले तर पिशवीचे बंद तिसऱ्या मजल्यावर तुटतात, आणि तुटले नाहीत तरी आजींना ती दारातून ओट्यापर्यंत ओढत न्यावी लागते. तेलाची पिशवी तळाशी कधीच नाही. तिला आधी एका पातळ प्लॅस्टिकमध्ये गाठ मारायची आणि मग डाळींच्या पाकिटांमध्ये उभी रोवायची. एक पिशवी फुटली की खालच्या सहा पिशव्यांतले पोहे गेले.

टेबलाच्या शेवटी काटा, आणि काट्यावर सगळ्यात चिकट स्वभावाचा माणूस. दुसरी पिशवी कांदे-बटाट्याशिवाय साडेसहा किलोच्या आसपास भरली पाहिजे. एक किलो कमी म्हणजे डाळ, मीठ किंवा पोहे राहिले. नऊशे ग्रॅम कमी म्हणजे तेल, कारण लिटरभर तेलाचं वजन ९१० ग्रॅम असतं. अडीचशे कमी तर चहा. पिशवी न उघडता काय विसरलं ते कळतं, आणि गप्पा मारत भरणारे कोण तेही. कांदे-बटाटे शनिवारी सकाळी घालायचे. रात्रभर बंद पिशवीत ठेवले की घाम सुटतो आणि एक सडका बटाटा सगळ्या पिशवीला वास लावतो. साबण वेगळ्या छोट्या पिशवीत. पिशव्या साध्या, कोऱ्या. मंडळाचं नाव, फोटो, सौजन्य काही नको. आचारसंहितेच्या काळात छापील पिशवी अंगाशी येते हे एक कारण. दुसरं असं की चाळीत ती पिशवी हातात घेऊन जिना चढताना सगळे बघतात.

शनिवारची वाटणी. छोटा हत्ती म्हणतो त्या टेम्पोत तीस शिधे नीट बसतात, त्याहून जास्त कोंबू नका. तळाला पिठाच्या पिशव्या, वर डाळींच्या, आणि शेवटचं घर आधी आत. हे उलटं झालं तर प्रत्येक थांब्यावर अर्धा टेम्पो रिकामा करावा लागतो. स्कूटरवर फार तर दोन घरांचं, पावसात एकाचंच. दर थांब्याला दोघंजण, त्यात एक बाई असलेली बरी. घरात एकटी मुलगी असेल तर दार उघडायचं की नाही हा प्रश्नच पडत नाही.

पत्ते हे प्रकरण वेगळंच. जनता वसाहतीत घर नंबर विचारून कोणी पोहोचत नाही. तिथे "टाकीच्या वरच्या अंगाला, निळा दरवाजा, बाहेर पिंप" असाच पत्ता लिहावा लागतो, शिवाय टेम्पो कुठपर्यंत जातो आणि पुढे पायऱ्या किती, हेही. टेकडीच्या चढावर दोन पिशव्यांच्या तीन फेऱ्या झाल्या की माणूस बदला. गाडी लावायची जागा, पायऱ्या आणि खूण, या तीन गोष्टी एकदा चिठ्ठीवर आल्या की नवा मुलगाही जाऊ शकतो. हे ज्ञान तुमच्या वर्गणीवाल्या पोरांकडे तयार आहे. आम्हाला ते गोळा करायला महिने लागतात.

फोन आदल्या दिवशी आणि निघताना अर्धा तास आधी. वेळ विचारून घ्या. सकाळी सात ते एक कामवाल्या बायका बाहेर, आठ ते दहा पुरुष मजूर नाक्यावर. दुपारी दोन ते चार किंवा संध्याकाळी सातनंतर लोक भेटतात. वस्तीत पाण्याची वेळ असेल तेव्हा जाऊच नका. हंडे भरायचे सोडून तुमच्याशी बोलायला कोणी येणार नाही, आणि यावं अशी अपेक्षाही धरू नये. दार बंद असेल तर शेजारी ठेवून येऊ नका, फोन लावा, नाहीतर परत न्या. दारात बोलणं दोन मिनिटांत संपवा. "तुमचा शिधा" म्हणा. "मदत" हा शब्द टाळलेला चालतो.

फोटो नाही. पाठमोरा नाही, चेहरा झाकून नाही, नुसत्या हातांचाही नाही. हिशेबाला खरेदीची बिलं आणि किती घरं झाली त्याचा आकडा पुरतो. आधारची झेरॉक्स घेऊ नका, तिचं तुम्ही काहीही करणार नसता आणि ती खोलीत पडून राहते. नाव, मोबाइल, माणसं किती, खूण आणि उत्तरं, एवढी यादी एका माणसाकडे. बाकीच्यांना त्या दिवशीच्या चिठ्ठ्या, संध्याकाळी परत. ग्रुपवर पत्ते टाकायचे नाहीत. दोन मंडळांच्या याद्या मोबाइल क्रमांकावरून ताडून पाहिल्या तर तीन किटांचं एक घर तिथेच सापडतं.

वस्तीतला एखादा भाऊ किंवा दादा म्हणेल, "वीस इथेच ठेवा, मी वाटतो." त्याला दुखवू नका आणि किटही ठेवू नका. "तुम्ही सोबत चला, घरं दाखवा," एवढं म्हणा. चांगला असेल तर येतो, आणि त्याच्यासारखा वाटाड्या नाही.

पूर आला की हे सगळं बदलतं. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढा फुटल्यासारखा आला तेव्हा, किंवा २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा, पहिल्या दोन दिवसांत कोरडा शिधा कोणाच्याच कामाचा नव्हता. शेगडी चिखलात, सिलिंडर वाहून गेलेला, भांडी नाहीत. पहिले दोन दिवस शिजलेलं अन्न, पिण्याचं पाणी, बिस्किटं, मेणबत्त्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाडू, खराटे, ब्लीचिंग पावडर, सतरंजी. शिधा त्यानंतर, आणि सोबत एक पातेलं, एक तवा. नदीकाठची मंडळं हे आमच्यापेक्षा जास्त जाणतात, तेव्हा त्यांनीच बाकीच्यांना शिकवावं.

गावाकडे इर्जिक असते. ज्याचं रान नांगरायचं राहिलं त्याच्याकडे बाकीचे आपापले बैल घेऊन जातात, उद्या आपलं राहिलं तर तोही येणार असतो. आमच्याकडे भराईला येणाऱ्यांत शिधा घेणाऱ्या घरांतल्या बायकाही आहेत, आणि डाळीचं पाकीट हातात धरून वजन सांगण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. तुमच्या मंडळात त्यांना टेबलाशी उभं करा, रांगेत नको.

पुढचे चार महिने करून बघायची तयारी असेल तर एवढंच कळवा: खोली कुठली, किल्ली कोणाकडे असते, आणि शुक्रवारी सात वाजता आठ माणसं येतील का. कमी आली तर वीस घरं धरू.

आपले,
घरपोच शिधा पोहोचवणारे काही स्वयंसेवक, पुणे

ता.क. खोलीत गेल्या वर्षीचा देखावा, थर्माकोल आणि रंगाचे डबे असतील, ते असू द्यात. फक्त रंगाचे डबे आणि थिनर बाहेर काढून ठेवा आणि दोन दिवस खिडकी उघडी टाका. पीठ त्यानंतर आणू.